घाई आणि खात्री
मार्च 2020 च्या शेवटी आमच्या बऱ्हाणपुरातल्या यंत्रमागांची खडखड थांबली. सगळं जग बंद पडल्यासारखं वाटलं. पण त्याआधीचे सहा आठवडे पुण्यात एक काम धडाक्यात चाललं होतं.

मायलॅब ही कंपनी रक्तातले एचआयव्ही, हिपॅटायटिसचे विषाणू शोधणारे तपासणी संच आधीपासून बनवत होती. फेब्रुवारीत मीनल दाखवे-भोसले यांच्या दहा जणांच्या चमूने कोरोनाचा संच हाती घेतला. एरवी तीन-चार महिन्यांचं काम त्यांनी सहा आठवड्यांत उरकलं. मीनलताईंचे तेव्हा दिवस भरत आले होते. 18 मार्चला संच राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेला, दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली! परदेशी संचाने एक तपासणी साडेचार हजारांना पडे, ती 1200 रुपयांवर आली.

घाई झाली, पण खात्री सोडली नाही. तोच नमुना दहा वेळा तपासला तर दहाही वेळा उत्तर एकच यावं, हा त्यांचा आग्रह.

हे नवं नाही. 1896 च्या प्लेगात हाफकिन मुंबईला आले, तीनेक महिन्यांत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली.

संकट कामाला वेग देतं, पण तो आधीच्या अभ्यासावरच पेलतो. आणि बायांनो, कितीही तहान लागली तरी आपण पाणी गाळल्याशिवाय पितो का?