फर्ग्युसनच्या खुर्चीचा भार

पुण्यात 2 जानेवारी 1880 रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि पाच वर्षांनी, 1885 मध्ये, फर्ग्युसन कॉलेज. शाळा काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर 1882 मध्ये एकतिसाव्या वर्षीच वारले. कॉलेजचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे 1892 मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्यानंतर आलेले गोपाळ गणेश आगरकर तीन वर्षांत, एकोणचाळीस पुरी होण्याआधी. मृत्यूचे खापर केवळ कामावर फोडता येत नाही. आगरकरांचा दमा जुनाच होता. तरीही या माणसांवर पडलेला भार थोडा नव्हता.

वर्ग घ्यायचे, कारभार पाहायचा, शिवाय संस्थेसाठी पैसा उभा करायचा. वर्गणीसाठी संस्थानिकांकडे आणि धनिकांकडे हिंडण्याचे काम महादेव बल्लाळ नामजोशी आणि पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी उचलले, म्हणून प्राचार्यांची तेवढी पायपीट वाचली. आपट्यांनी मात्र त्याच वर्षांत संस्कृत-इंग्रजी कोशही पुरा केला. तो 1890 मध्ये प्रसिद्ध झाला. आगरकर कॉलेज सांभाळून ‘सुधारक’ पत्रात लिहीत राहिले. त्या लिखाणापायी सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. विसाव्यासाठी नव्हे, मनाला पटलेले मांडण्यासाठी त्यांनी लेखणी धरली होती. पण बहुधा तिनेच त्यांना तगवलेही.

सर्वांत जाचक ठरला तो संस्थेच्या घरातला कलह. आजीव सभासदाने सारा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची कामे घेऊ नयेत, असा संस्थेतले सहकारी बाळ गंगाधर टिळक यांचा आग्रह होता. आगरकर आणि टिळक एकाच तुरुंगात, डोंगरीत, 101 दिवस राहिलेले मित्र. ते या आणि सामाजिक सुधारणेच्या वादांत दुरावले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतल्यावर वाद पेटला आणि 1890 च्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले.

एकट्या माणसाच्या सोशीकपणापेक्षा संस्थेची घडणच पुढे अधिक उपयोगी पडली. अधिकार एका प्राचार्याच्या हाती नव्हता, आजीव सभासदांच्या मंडळाकडे होता. सेवेची मुदत वीस वर्षांची होती. ती संपली की सन्मानाने निवृत्त होता येई. गोखले 1902 मध्ये मोकळे झाले आणि देशकार्याला लागले. त्याच वर्षी रँग्लर र. पु. परांजपे प्राचार्य झाले. त्यांना ही खुर्ची प्रदीर्घ काळ सांभाळता आली.