समुद्राला ठेवलेलं दार



नेदरलँड्स म्हटलं की आपल्याला ट्युलिपचे ताटवे आठवतात. मी जिथे आठ दिवस राहिले तिथे ट्युलिप औषधालाही नव्हते. नैर्ऋत्य टोकाला झीलंड नावाचा प्रांत आहे, शब्दशः अर्थ ‘समुद्रभूमी’. न्यूझीलंडला नाव मिळालं ते याच्यावरून. तिथल्या बेटांवर नजर पोहोचेल तिथपर्यंत काय दिसावं? कांदा, बटाटा आणि बीट! कंदमूळ न खाणाऱ्या बाईला मैत्रिणीने नेमकं कुठे आणलं म्हणून आम्ही दोघी पहिल्याच दिवशी पोट धरून हसलो.

ही माझी सांगलीच्या कॉमर्स कॉलेजातली मैत्रीण. पस्तीस वर्षांपूर्वी डच मुलाशी लग्न करून गेली. सासर शेतकऱ्यांचं, स्खौवेन-डौवेलंड बेटावर, औवरकेर्क नावाच्या लहानशा खेड्याजवळ. घरात सासूबाई, ज्यांना सगळे ओमा म्हणजे आजी म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. दीर-जावा, नणंदा, त्यांची मुलं-नातवंडं पाच-दहा मैलांत विखुरलेली, पण रविवारी कॉफीला सगळी हजर. एकत्र कुटुंब फक्त आपल्याकडेच असतं असं म्हणणाऱ्यांनी तो रविवार बघावा. काकाला-मामाला तिकडे ‘ओम’ म्हणतात. दिवसभर घरात ओम ओम ऐकून मला तर आश्रमात आल्यासारखं वाटलं.

जेवणाची अडचण आली नाही. शेतकऱ्याच्या घरी रात्रीचं जेवण सहाला असतं आणि जूनमध्ये सूर्य मावळतो दहाच्या सुमाराला, त्यामुळे चौविहार पाळणं सांगलीपेक्षा सोपं. चीजचं मात्र विचारून घ्यावं लागतं. बऱ्याच चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात. मैत्रिणीने वनस्पतीजन्य रेनेटचं शोधून ठेवलं होतं.

पण आज लिहायचं आहे ते त्या घरातल्या एका जुन्या भांडणाबद्दल. ते समजायला १९५३ सालापासून सुरुवात करावी लागेल.

३१ जानेवारी १९५३, शनिवार. त्या दिवशी राजकन्या बेआट्रिक्सचा पंधरावा वाढदिवस होता. रात्री उत्तर समुद्रात वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली. हवामान खात्याने धोक्याची सूचना दिली होती, पण त्या काळी रात्री रेडिओचं प्रक्षेपण बंद असे, आणि तारेने सूचना मिळण्याची वर्गणी फार थोड्या ठिकाणी भरलेली. गाव झोपलेलं असतानाच पहाटे बांध फुटले. जमीन समुद्रसपाटीच्या खाली, तेव्हा पाणी आलं की जायला वाट नाही.

ओमा तेव्हा दहा वर्षांची होती. तिला जाग आली ती गोठ्यातल्या गाईंच्या हंबरण्याने. वडील कमरेइतक्या पाण्यातून गोठ्यात गेले आणि सगळ्या गाईंची दावी कापून आले. “निदान बांधलेल्या नको मरायला,” एवढंच ते म्हणाले, असं ओमाने सांगितलं. मग सगळे माळ्यावर. सकाळी ओहोटीला पाणी थोडं उतरलं आणि वाटलं, वाचलो. खरा घात झाला रविवारी दुपारी. दुसरी भरती पहिलीपेक्षा वाईट होती, आणि रात्रभर भिजून पोकळ झालेल्या भिंती तिने पाडल्या. ओमाचा मोठा भाऊ छपरावरून गेला. बाकीच्यांना सोमवारी मच्छीमारांच्या एका होडीने उतरवलं.

देशभरात १,८३६ माणसं गेली. गुरं-ढोरं हजारोंनी. औवरकेर्कच्या बांधाचं खिंडार इतकं मोठं होतं की ते बुजवायला काँक्रीटचे पोकळ महाकाय पेटारे आणून बुडवावे लागले. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तात्पुरतं बंदर उभारायला इंग्रजांनी असे पेटारे बनवले होते. त्यांतले चार इथे आणले. ६ नोव्हेंबर १९५३ च्या रात्री शेवटची फट बंद झाली, म्हणजे नऊ महिने शेतात भरती-ओहोटी चालू होती.

त्याच चार पेटाऱ्यांत आज पुराचं संग्रहालय आहे. आत थंड, ओलसर, कातळातल्या लेण्यात शिरल्यासारखं. एका दालनात मेलेल्यांची नावं प्रकाशाने वाळूवर उमटतात. तिथे आकडा ‘१,८३५ + १’ असा मांडलाय. तो एक म्हणजे त्या रात्री जन्मलेलं आणि त्याच रात्री गेलेलं बाळ, ज्याची सरकारदरबारी नोंदच झाली नव्हती. आयुष्यभर घरच्या वह्या लिहिलेली मी बाई, मला बेरजेत विसरलेला एक आकडा कळतो. पण अशी अधिक एक म्हणून ठेवलेली जागा मी कुठे पाहिली नव्हती.

पाणी हटल्यावर राहिलं मीठ. काळ्याभोर जमिनीवर पांढरा थर. तो काढायला त्यांनी शेतांत जिप्सम टाकलं, आणि हे ऐकून माझे कान टवकारले. आपल्या कृष्णाकाठच्या क्षारपड, चोपण झालेल्या जमिनींना हेच औषध. मिठातला सोडियम मातीला घट्ट चिकटवून ठेवतो, पाणी मुरू देत नाही. जिप्सममधला कॅल्शियम त्याची जागा घेतो आणि मोकळा झालेला क्षार पावसाच्या पाण्याबरोबर चरांतून वाहून जातो. शिरोळ-मिरजेच्या आपल्या घरांतून शेतीवाडी असलेल्यांना वेगळं सांगायला नको. ओमाच्या वडिलांनी आणि माझ्या सासऱ्यांनी एकच पोतं खांद्यावर घेतलं होतं म्हणायचं.

पूर आल्यावर तीन आठवड्यांच्या आत सरकारने डेल्टा आयोग नेमला. योहान फान फेन नावाचे एक सरकारी अभियंता पुराच्या आधीच बांध कमी उंचीचे आहेत म्हणून लिहीत होते. लिहिताना नाव घेत ‘डॉ. कसांड्रा’, ग्रीक कथेतली जिचं खरं भाकीत कुणी मानत नाही ती. आता त्यांचे कागद बाहेर निघाले. आयोगाने सुचवलं की समुद्राच्या जमिनीत शिरलेल्या शाखा धरणं बांधून बंदच करून टाका, म्हणजे शेकडो मैल बांध उंच करायला नकोत. १९५८ साली तसा कायदा झाला. एकेक शाखा बंद होत गेली. शेवटची आणि सर्वांत मोठी राहिली ती ओस्टरस्खेल्ड, औवरकेर्कच्या दक्षिणेला. १९७८ पर्यंत तीही बंद व्हायची होती.

इथे भांडण सुरू होतं.

ओमाचे धाकटे दीर ब्राऊनिसे गावचे. ते गाव शिंपल्यांच्या मासेमारीवर जगतं. (आपल्याला ऐकायलाही नको वाटतं, पण जे आहे ते आहे.) आधी बंद झालेल्या शाखेत काय झालं ते त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. १९७१ मध्ये ब्रौवर्स धरण पुरं झालं आणि आतलं पाणी निजून गेलं. भरती नाही, ओहोटी नाही. जे जीव त्या ये-जा करणाऱ्या पाण्यावर जगत होते ते मेले. मग ओस्टरस्खेल्ड उघडी ठेवा म्हणून चळवळ उभी राहिली. त्यात मच्छीमार होते, तसेच पक्ष्यांचे अभ्यासक, विद्यार्थी, ज्यांचा शिंपल्यांच्या धंद्याशी काही संबंध नव्हता असे लोकही होते.

ओमाचं म्हणणं एका वाक्यात संपायचं: माझा भाऊ परत आणा, मग दार उघडं ठेवा. दीर म्हणायचे, तुम्हाला छपरावरून उतरवलं ते मच्छीमारांनीच, आता त्यांचंच पाणी मारता? एका वाढदिवसाला हे शब्द निघाले आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. मैत्रीण लग्न होऊन आली तेव्हाही ते नीटसं सुरू झालं नव्हतं. नव्या सुनेला हे कुणी सांगत नाही. ती बिचारी दोन्हीकडे बर्फी घेऊन जायची आणि दोन्हीकडे ‘तिकडे काय म्हणाले’ एवढंच विचारायचे.

असं भांडण त्या काळी घरोघरी होतं. अखेर सरकारने समिती नेमली, १९७४ साली तिचा अहवाल आला आणि मधला मार्ग ठरला. संसदेने त्याला १९७६ मध्ये मान्यता दिली. भिंत बांधायची, पण दारांची. ६५ काँक्रीटचे खांब, त्यांच्यामध्ये ६२ पोलादी दरवाजे, मधली बेटं धरून लांबी नऊ किलोमीटर. एरवी दारं वर उचललेली, समुद्र आत-बाहेर करतो. पाणी नेहमीच्या पातळीच्या तीन मीटर वर जाणार असा अंदाज आला की दारं खाली. सरासरी वर्षातून एखाद्या वेळी तशी वेळ येते. साध्या बंद धरणापेक्षा हे कितीतरी महाग पडलं, वर्षंही जास्त लागली. ४ ऑक्टोबर १९८६ ला उद्घाटन झालं ते बेआट्रिक्सच्याच हातून, तोवर ती राणी झाली होती.

मी त्या भिंतीवर उभी राहिले. खालून पाणी असं खेचून जात होतं की कठड्याला धरावंसं वाटलं. आणि मला आठवली आजेसासूबाईंची जिवाणी. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्याने गाळायचं, मग फडकं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं आणि त्यातले जीव त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. तरुणपणी मला वाटे, गाळलं ना, संपलं, परत सोडायची एवढी यातायात कशाला? आजेसासूबाई म्हणत, पाणी आपल्याला हवं म्हणून त्यांचं घर का जावं?

लगेच मनात दुसरं आलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ज्या शिंपल्यांसाठी दार उघडं राहिलं ते शेवटी ताटातच जातात. आपल्या शास्त्रात शंख-शिंपले द्वीन्द्रिय जीव, स्पर्श आणि चव कळणारे. त्यांना वाचवून खायचं ही कसली दया? मी हे मैत्रिणीला म्हटलं, तिने ते भाषांतर करून ओमच्या कानावर घातलं. म्हातारे रागावले नाहीत. म्हणाले, “मी दयेचं बोललोच नव्हतो. मी म्हणालो होतो, समुद्राच्या पोटातलं सगळं आमच्या भीतीने मरू नये.” त्यांच्या धंद्याशी माझं जमणार नाही. पण हेतू शुद्ध नसला तरी त्या पाण्यातले खेकडे, सील, चिखलातल्या किड्यांवर जगणारे लाखो पक्षी जगले हेही खरं. भाव आणि द्रव्य यांचा हिशेब मांडायला बसले तर माझ्या वहीत ही नोंद कुठल्या बाजूला जाईल, हे महाराजांना विचारायचं ठरवलं आहे.

आणि ओमा? मला तिचंच जास्त पटत होतं. २०१९ चा सांगलीचा पूर ज्यांनी माळ्यावर बसून काढला त्यांना पटेलच. आयर्विन पुलाखालचं पाणी पाहून ‘नदीचाही विचार करा’ असं कुणी म्हटलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. म्हणूनच, १,८३६ माणसं गमावलेल्या लोकांनी वीस-बावीस वर्षांच्या आत, जखम ओली असताना, पाण्यातल्या जिवांचा प्रश्न संसदेत नेला याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

दोन घरं परत बोलू लागली ती काही समजूत पटून नाही. एका हिवाळ्यात जोराचं वादळ आलं. दारं खाली गेली आणि रात्रभर बंद राहिली. सकाळी ओमाने दिराला फोन केला, “बंद झाली बरं का.” ते म्हणाले, “आणि आता उघडली.” त्या दिवसापासून दर वादळानंतर हा फोन असतो.

प्रश्न मात्र मिटलेला नाही. मैत्रिणीची मुलगी तिथल्या वॉटरस्खापमध्ये नोकरी करते. ही म्हणजे पाण्याची पंचायत. त्या देशात अशा पंचायती तेराव्या शतकापासून आहेत, त्यांच्या निवडणुका वेगळ्या होतात आणि पाणीपट्टीखेरीज बांधांसाठी म्हणून घरटी वेगळा कर असतो. तिने सांगितलं, दारांमुळे पाण्याचा जोर कमी झाला, त्यामुळे ओहोटीला उघडे पडणारे वाळूचे पट्टे झिजत चाललेत. खोल झालेल्या नाळ्या भरायला वाळू लागते आणि ती पट्ट्यांवरून ओढली जाते. याला ते ‘वाळूची भूक’ म्हणतात. पट्टे गेले तर पक्षी आणि सील बसणार कुठे? वर समुद्राची पातळी चढते आहे. म्हणजे दारं वर्षातून एकदा नाही, पुढे अनेकदा बंद करावी लागणार. फारच वेळा बंद करावी लागली तर ते दार कसलं, भिंतच.

रविवारी कॉफीला ती हे सांगत होती. ओमा ऐकत होती, दीर ऐकत होते. मग ओमाने माझ्याकडे पाहून काहीतरी विचारलं. मैत्रीण म्हणाली, “विचारतेय, तुमच्या गावच्या नदीला दार आहे का?”

मी म्हटलं, आहे, पण ते दुसऱ्या राज्यात आहे आणि ते कधी उघडायचं यावर आमच्याकडेही भांडणच चालू आहे. भाषांतर ऐकून दोघं म्हातारे एकदमच हसले.