चहाच्या हिशेबातून निघालेली पदवी

५ ऑक्टोबर १८४१ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्टर्न रेलरोडच्या दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. माणसे दगावली, चौकशी झाली, आणि दोष इंजिनापेक्षा कारभारात अधिक असल्याचे दिसले: कोणी कोणाला काय कळवायचे आणि कोणाचा हुकूम मानायचा हेच धड ठरलेले नव्हते. आज ज्या विषयात एमबीए, एमसीए किंवा एमआयएम (माहिती व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी) करता येते, त्या ‘संस्थेतील माहितीप्रणालींचे व्यवस्थापन’ या विषयाचा माग काढताना आपण संगणकापासून नव्हे, तर अशा रेल्वे-कचेरीपासून निघालेले बरे. चौदाएक वर्षांनी, १८५५ मध्ये, ईरी रेल्वेचा अधीक्षक डॅनियल मॅक्कलम याने आपल्या कंपनीचा एक तक्ता काढवून घेतला. तो झाडाच्या आकाराचा होता आणि संचालक मंडळ शेंड्यावर नव्हे, तर मुळांच्या जागी बसवलेले होते. फांद्याफांद्यांवर स्टेशने, कारकून, गाड्यांवरचे नोकर. तारायंत्राने कोणती बातमी कोणत्या फांदीवरून खाली यावी, रोजचा अहवाल कोणी लिहावा, हे मॅक्कलमने नेमून दिले होते. यंत्र कसे चालते यापेक्षा यंत्रातून आलेली खबर कोणाच्या टेबलावर जाते, हा प्रश्न प्रथम नीट मांडला तो त्याने. त्याची आठवण या विषयाच्या वर्गात क्वचितच निघते, हे मला अन्यायाचे वाटते.

पुढची सत्तरेक वर्षे झपाट्याने ओलांडू. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथची भोके पाडलेली कार्डे यशस्वी झाली, ती विमा कंपन्या आणि रेल्वेत शिरली, आणि त्याची कंपनी इतरांत मिसळून १९२४ मध्ये आयबीएम या नावाने उभी राहिली. कार्डे पंच करणे, छाटणे, बेरजा काढणे यांचे स्वतंत्र विभाग कचेऱ्यांतून निघाले. मात्र हे शिक्षण बहुतांशी यंत्र विकणारी कंपनीच देई. विद्यापीठांच्या लेखी ते कारकुनी काम होते.

खरे वळण आले ते लंडनमध्ये, आणि तेही एका चहावाल्या कंपनीत. जे. लायन्स अँड कंपनीची दोनशेहून अधिक चहागृहे होती. चहाच्या कपामागे आणि पावाच्या तुकड्यामागे सुटणारा नफा इतका चिमुकला, की हिशेब ठेवण्याचा खर्चच तो खाऊन टाकील अशी धास्ती. कंपनीचे हिशेबप्रमुख जॉन सिमन्स हे केंब्रिजचे गणिती. कचेरीच्या पद्धती तपासण्यासाठी त्यांनी वेगळा विभागच ठेवला होता. १९४७ मध्ये टी. आर. थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफोर्ड या दोघा अधिकाऱ्यांना त्यांनी अमेरिकेतल्या कचेऱ्या पाहायला पाठवले. प्रिन्स्टनला संगणकतज्ज्ञ हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितले की इलेक्ट्रॉनिक संगणक तर तुमच्याच देशात, केंब्रिजला मॉरिस विल्क्स बांधत आहेत. लायन्सने केंब्रिजला ३,००० पौंड आणि एक तंत्रज्ञ दिला. मे १९४९ मध्ये विल्क्स यांचे एडसॅक चालले आणि मग लायन्सने त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. नाव ‘लिओ’, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. नोव्हेंबर १९५१ च्या अखेरीस लिओवर पाव, केक आणि ‘पाय’ हा भाजलेला पदार्थ यांच्या उत्पादनाचे साप्ताहिक मूल्यांकन नियमित होऊ लागले. धंद्याचे नित्याचे काम संगणकावर चालण्याचे जगातले हे पहिले उदाहरण मानतात.

इथे जरा थांबून चहागृहांच्या मालपुरवठ्याचे काम जवळून पाहू. प्रत्येक चहागृहाची रोजची ठरलेली मागणी यंत्राच्या कार्डांवर असे. दुपारी व्यवस्थापिकेला फोन येई. उद्या काय कमी, काय जास्त एवढेच ती सांगायची आणि पलीकडची मुलगी ऐकता ऐकता कार्ड पंच करायची. रात्री यंत्रातून गाडीत माल चढवण्याच्या याद्या निघत. याआधी जी माहिती कागदांच्या अनेक थप्प्यांतून फिरे, ती एकदाच नोंदली जाऊ लागली. हे सगळे आखणारे डेव्हिड कॅमिनर इंजिनियर नव्हते. कचेरीच्या पद्धती तपासणाऱ्या विभागातून ते आले होते. त्यांच्या शिस्तीत काम लिहिण्याआधी ते काम करणाऱ्या कारकुनापाशी जाऊन बसावे लागे. पगारपत्रकाचीही हीच गोष्ट: सराईत कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद. कौतुक बहुधा दीड सेकंदाचे होते. मला आधीची आठ मिनिटे जास्त मोलाची वाटतात, कारण त्यांत काय काय घडते हे कोणीतरी बारकाईने टिपले नसते तर तो दीड सेकंद कधी आलाच नसता.

१९५२ मध्ये फ्रँक लँड नावाचा तरुण लिओत दाखल झाला. तो बर्लिनमध्ये जन्मलेला, १९३९ मध्ये निर्वासित म्हणून इंग्लंडला आलेला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा पदवीधर. पंधरा वर्षे कामात मुरल्यावर १९६७ मध्ये लँड त्याच संस्थेत शिकवायला परतले. कॅमिनरच्या हाताखाली जे अंगवळणी पडले होते, ते आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी फळ्यावर मांडायचे होते. ब्रिटनमधले या विषयाचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. विषय अर्थशास्त्राच्या संस्थेत रुजला, इंजिनियरिंगच्या नव्हे, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. स्वीडनमध्ये १९६५ च्या सुमारास ब्योर्ये लाँगेफोर्स यांना याच विषयाचे अध्यासन मिळाले, पण ते आले होते साब या विमान कंपनीतून.

अमेरिकेत वाट हिशेबशास्त्रातून गेली. मिनेसोटा विद्यापीठातले गॉर्डन डेव्हिस मूळचे अकाउंटन्सीचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सहकाऱ्यांसह व्यवस्थापनशाळेत माहितीप्रणालींचे संशोधन केंद्र आणि पीएच.डी.चा अभ्यासक्रम सुरू केला. एमआयएस, म्हणजे व्यवस्थापनासाठीच्या माहितीप्रणाली, या विषयावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक १९७४ मध्ये आले आणि १९७७ मध्ये ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे नियतकालिक. पण विषयाचे बारसे होते न होते तोच टीकाकार दारात उभे. व्यवस्थापनशास्त्रज्ञ रसेल ॲकॉफ यांनी १९६७ मध्येच बजावले होते की व्यवस्थापकाला माहिती कमी पडत नाही, नको ती माहिती डोक्यावर ओतली जाते. १९७२ मध्ये हार्वर्डच्या जॉन डिअर्डन यांनी तर कंपनीभर पसरलेली एकच सर्वव्यापी माहितीप्रणाली म्हणजे मृगजळ आहे असे लिहिले. त्याच वर्षी, मे महिन्यात, अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञांच्या एसीएम या संघटनेचा अहवाल छापून आला. रॉबर्ट ॲशेनहर्स्ट यांनी संपादित केलेल्या या अहवालात माहितीप्रणालींच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी तेरा विषय सुचवले होते. एक गट संस्थेच्या विश्लेषणाचा, एक पूर्वतयारीचा, एक संगणक तंत्राचा आणि एक प्रणाली उभारण्याचा. आजचा कोणताही अभ्यासक्रम उघडा, नावे बदललेली दिसतील. सांगाडा बराचसा हाच.

आता आपण मुंबईत येऊ. १९६१ मध्ये एस्सो या तेल कंपनीने इथे आयबीएम १४०१ बसवले. भारतातल्या व्यापारी वापराच्या अगदी पहिल्या संगणकांतला तो एक. मागोमाग आयुर्विमा महामंडळाने पाऊल टाकले आणि कामगार संघटना खवळल्या. इंग्लंडात जो प्रश्न नफ्याचा होता, तो इथे पोटाचा झाला. सरकारने १९६९ मध्ये यांत्रिकीकरणावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. अहवाल आला १९७२ मध्ये, म्हणजे अमेरिकेत अभ्यासक्रम ठरत असताना आपल्याकडे यंत्र आणावे की नाही हेच ठरत होते. ही तफावत मागासपणाची खूण म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. मला तो पटत नाही. संगणक आला की कोणाचे काम जाते, कोणाचे वाढते, कोणाला विचारायचे, हे प्रश्न वर्गात शिरायला पश्चिमेत बराच काळ लागला. आपल्याकडे ते आधी गेटसभेत विचारले गेले.

कोंडी फुटली ती १९८३ च्या बँक करारानंतर. संघटनांनी मर्यादित यांत्रिकीकरण मान्य केले, पुढच्याच वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखाशाखांतून एएलपीएम, म्हणजे खातेवह्यांच्या नोंदी करणारी यंत्रे आली. यंत्र आले, पण त्यावर देखरेख करणारा अधिकारी आणायचा कुठून? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच संगणकशास्त्रज्ञ व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीतून पदवीधरांसाठीचा तीन वर्षांचा एमसीए जन्माला आला होता. मुंबई विद्यापीठात अर्धवेळ एमआयएम आणि पुणे विद्यापीठात एमसीएम, म्हणजे संगणक व्यवस्थापनाची पदवी, अशा वाटा निघाल्या. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी वर्गात बसणाऱ्यांसाठी मुंबईचा अभ्यासक्रम सोयीचा होता. इथल्या विद्यार्थ्याच्या दप्तरात डेव्हिस यांच्याबरोबर वामन जावडेकर यांचे एमआयएसवरचे पुस्तकही आले.

२००३ मध्ये निकोलस कार यांनी हार्वर्डच्याच नियतकालिकात आयटीचे धोरणात्मक महत्त्व आता ओसरले असा लेख लिहून डिअर्डनची गादी चालवली. डॉटकॉमच्या पडझडीनंतर अमेरिकेत या विषयाचे वर्ग ओसही पडले. तरी २००६ आणि २०१६ मध्ये तिथे अभ्यासक्रमाचे आराखडे नव्याने लिहिले गेले. आपल्याकडे २०२०-२१ पासून एमसीए दोन वर्षांचा झाला. विषयाने कोणत्या छपराखाली राहायचे हे मात्र अजून ठरलेले नाही. पुणे विद्यापीठात एमसीए व्यवस्थापनाच्या बाजूलाही आहे आणि इंजिनियरिंगच्या बाजूलाही. संस्थेतली माहितीप्रणाली सांभाळायला शिकू पाहणाऱ्या पदवीधराला महाराष्ट्राच्या राज्य सीईटी कक्षाच्या दारात आधी हे ठरवावे लागते की परीक्षा एमबीएची द्यायची की एमसीएची. सावध मुले दोन्ही अर्ज भरतात.