चाळमालक दुरुस्ती का करत नव्हते?

माझा विषय सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला: "चाळमालक एवढे पैसेवाले, मग दुरुस्ती का करत नव्हते?" उत्तरासाठी आज तुम्हालाच मालक करते.

समजा, साल १९३८. तुम्ही गिरगावात राहता, गाठीला थोडे पैसे आहेत. कोणीतरी सुचवतं, चाळ घ्या. बारा खोल्या, किंमत १८,००० रुपये. खोलीला महिना १० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४०. (आकडे माझे, फक्त हिशेब कळावा म्हणून.) कर आणि डागडुजीला ४४० काढले तरी हजार रुपये हातात. साडेपाच टक्के. वाईट नाही!

मग महायुद्ध येतं, जागेची टंचाई होते. १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा सांगतो की १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं, तेच साधारणपणे प्रमाण भाडं. कायदा तात्पुरता होता. पण मुदतवाढ मिळत मिळत तो पन्नास वर्षं टिकला. गिरणी कामगाराच्या डोक्यावरचं छप्पर त्यानेच राखलं, हे विसरू नका. पण गवंडी आणि सिमेंट काही १९४० च्या भावात मिळत नव्हतं.

मग तुम्ही काय कराल? इथे पागडी येते. भाडेकरू बदलताना नव्याकडून एकरकमी पैसे घ्यायचे, पावतीशिवाय, कारण कायद्याने ते गुन्हा होतं. थोडक्यात, कमाई आता भाड्यात उरली नाही, कोणीतरी खोली सोडण्यात उरली. अशा वेळी जिना दुरुस्त करून तुम्हाला काय मिळणार?

इमारती कोसळू लागल्या. १९६९ च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्तीचं काम सरकारी मंडळाकडे दिलं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली, पण मुदत संपत आल्यामुळे कायदा रद्द केला नाही. २००० साली लागू झालेल्या नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा. १० रुपयांवर ४ टक्के म्हणजे ४० पैसे.

मालकाला निर्दोष ठरवायचं नाहीये मला. जिना पडला तेव्हा त्याच्याखाली भाडेकरूच होता. पण नुसत्या लोभाने ही गोष्ट उलगडत नाही. घरात जुन्या भाडेपावत्या असतील तर रद्दीत देऊ नका. एकदा बघा, भाडं किती वर्षं तेच राहिलंय ते.