चोलमंडल : चित्रकारांनी स्वतःच्या कमाईवर वसवलेलं गाव



चेन्नईहून महाबलीपुरमकडे समुद्राच्या कडेने निघालात, की वाटेत ईंजंबाक्कम लागतं. तिथे चोलमंडल हे चित्रकार-शिल्पकारांचं गाव आहे. ते सरकारने वसवलं नाही, कुणा धनिकानेही नाही. चित्रकारांनी ते आपल्या कमाईतून उभं केलं. त्यामागचा माणूस म्हणजे के. सी. एस. पणिक्कर.

पणिक्करांचा जन्म १९११ सालचा, कोइमतूरचा. घर चालवण्यासाठी त्यांनी तरुणपणीच शिक्षण सोडून तार खात्यात नोकरी धरली. मद्रासच्या कला विद्यालयात ते १९३६ मध्ये, पंचविशीत दाखल झाले. १९४४ मध्ये त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशन’ काढली. आपल्याला मुंबईचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप माहीत असतो. त्यात ह. अं. गाडे आणि सदानंद बाकरे हे आपले मराठी कलावंत होते. पण तो ग्रुप १९४७ चा, म्हणजे मद्रासच्या संस्थेनंतरचा. मुंबईकर लवकरच पांगले : सूझा लंडनला, रझा पॅरिसला, बाकरेही लंडनला गेले.

पणिक्कर १९५७ मध्ये त्याच विद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्यापुढे एक रोकडा प्रश्न होता. दरवर्षी गुणी मुलं शिकून बाहेर पडतात, त्यांनी खायचं काय? चित्रं विकत घेणारे मोजकेच. बरेच जण कुठेतरी चिकटत आणि कुंचला सुटत असे.

फौजेत आम्ही मोहिमेआधी रसदीचा हिशेब मांडतो. पणिक्करांनी तेच केलं. विद्यार्थी आणि सहकाऱ्यांना घेऊन हस्तकलेची संघटना उभारली. दिवसाचा काही वेळ बाटिकचं कापड आणि इतर कलाकुसर, उरलेला वेळ स्वतःच्या चित्राला. बाटिकच्या विक्रीतून जमीन घेतली आणि १९६६ मध्ये गाव वसलं. सुरुवातीला रेताड जमीन, झावळ्यांच्या झोपड्या, वीज नाही. तरी जे. सुलतान अली, एस. जी. वासुदेव, एम. सेनाधिपती असे कलावंत तिथे आले. चित्र विकलं जावं म्हणून गिऱ्हाइकाच्या मर्जीने रंगवण्याची गरज उरली नाही. संघटनेच्या व्यापातही पणिक्करांचं स्वतःचं काम थांबलं नव्हतं. लिपी, कोष्टकं आणि चिन्हांनी भरलेली त्यांची ‘शब्द आणि चिन्हे’ ही मालिका याच दशकातली.

सगळं गोड झालं असं नाही. के. रामानुजम हा विलक्षण प्रतिभेचा चित्रकार मानसिक आजाराने ग्रासलेला होता. गावाने त्याला आसरा दिला, पण वाचवता आलं नाही. १९७३ मध्ये, ऐन तिशीत, त्याने जीवन संपवलं. पोटाची सोय झाली म्हणजे माणसाची सगळी काळजी मिटते असं नाही, हे ध्यानात ठेवायला हवं.

पणिक्कर १९७७ मध्ये गेले. गाव मात्र टिकलं. त्यांचे पुत्र, शिल्पकार एस. नंदगोपाल यांनी ते पुढे सांभाळलं आणि २००९ मध्ये तिथे मद्रास कला चळवळीचं संग्रहालय उघडलं. माणूस गेल्यावरही व्यवस्था चालू राहिली, याचं मोठं कारण मला वाटतं, की जमीन कलावंतांची स्वतःची होती. आपल्याकडे कलावंतांचे सत्कार पुष्कळ होतात. त्यांच्या हक्काच्या जागेचा विचार किती होतो?