लेबलवरचे मैल आणि रस्त्यावरचे मैल

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे पेढ्यांच्या आधी प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ समुद्र ओलांडताना आपण हा प्रश्न बरोबर आणला. इलेक्ट्रिक गाडी आली तसं त्याचं रूप फक्त बदललं: ‘एका चार्जमध्ये किती जाते?’ ऐंशी हजार डॉलर मोजायला निघालेल्या माणसाला शोरूममध्ये याचं उत्तर म्हणून एक आकडा मिळतो. तो कुठून येतो, आणि तुमच्या रस्त्यावर तो का टिकत नाही, याला चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात पोस्टडॉक करताना माझं मत असं बनलं आहे की रेंजच्या आकड्यात बॅटरीइतकाच वाटा चाचणी ठरवणाऱ्यांचा असतो.

सुरुवात डेट्रॉइट इलेक्ट्रिकपासून करू. १९१०च्या दशकातली ही श्रीमंतांची गाडी. खुद्द हेन्री फोर्डच्या पत्नी क्लारा हीच चालवत. जाहिरातीत रेंज ८० मैल असायची, पण एका चाचणीत ही गाडी एका चार्जवर २११.३ मैल गेली. म्हणजे एकाच गाडीचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे! हळू हाका, सपाट रस्ता निवडा, चढ टाळा, की मैल वाढतात. पुढे टेस्ला रोडस्टर आली तेव्हा २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात एकाने ती एका चार्जवर ५०० किलोमीटरहून अधिक चालवून दाखवली. युक्ती तीच.

आता अमेरिकेतलं लेबल. पर्यावरण संस्था ईपीए हिच्या नियमांनुसार गाडी रोलरवर चढवतात आणि दोन ठरावीक चक्रं चालवतात. शहरी चक्राचं मूळ जुन्या लॉस एंजेलिसच्या रहदारीत आहे. महामार्गाच्या चक्राचा सरासरी वेग ताशी ४८ मैल, कमाल ६०. तुम्ही फ्रीवेवर ४८ने गेलात तर मागचा ट्रकवाला काय करेल, ते सांगायला नको. ही तफावत ठाऊक असल्यामुळेच आलेल्या रेंजला ०.७ ने गुणून लेबल छापतात. पण खरी मेख पुढे आहे. कंपनीची तयारी असेल तर तिला आणखी तीन चाचण्या करता येतात (आक्रमक ड्रायव्हिंग, उकाड्यात एसी, आणि थंडी) आणि त्यांच्या आधारे ०.७ऐवजी जास्त सोयीचा गुणक मिळवता येतो. टेस्लाने ही वाट धरली. नियमाला धरूनच धरली, पण लेबल वाचणाऱ्याला याचा पत्ता नसतो.

युरोपात तर २०१७पर्यंत नव्या मॉडेलनाही जुनं एनईडीसी चक्र लागू होतं. त्याचे आकडे इतके फुगलेले असत की त्यांच्यावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. त्याच्या जागी आलेलं डब्ल्यूएलटीपी बरंच बरं आहे.

फेब्रुवारी २०१३मध्ये हा वाद पहिल्यांदा घराघरात पोचला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जॉन ब्रोडर टेस्ला मॉडेल एस घेऊन डेलावेअरहून कनेक्टिकटला निघाले. ईपीएचं लेबल २६५ मैलांचं होतं आणि वाटेतली दोन वेगवान चार्जिंग केंद्रं एकमेकांपासून सुमारे २०० मैलांवर. कागदावर सगळं जमत होतं. रात्री गाडी थंडीत उभी राहिली. झोपण्यापूर्वी पडद्यावर ९० मैल होते, सकाळी २५. शेवटी गाडी टो-ट्रकवर चढली. बातमी येताच एलॉन मस्क यांनी ती खोटी ठरवली, आणि टेस्लाने गाडीतल्या नोंदी छापल्या: वेग सांगितला त्याहून जास्त होता, चार्जिंग अर्धवट सोडलं होतं. मग इतरांनी तोच प्रवास करून दाखवला, सीएनएनचा पत्रकारही त्यात होता. वृत्तपत्राच्या लोकसंपादक मार्गारेट सलिव्हन यांनी ब्रोडर यांच्या हेतूवर शंका घेतली नाही. मात्र त्यांच्या नोंदी पुरेशा काटेकोर नव्हत्या आणि काही निर्णय चुकले, असं म्हटलं. मला यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. गाडीच मालकाविरुद्ध साक्ष देऊ शकते, हे लोकांना त्या आठवड्यात कळलं.

डिसेंबर २०१९मध्ये उलटा प्रकार झाला. पोर्श टायकान टर्बोचं लेबल आलं फक्त २०१ मैलांचं, आणि टीकेची झोड उठली. पोर्शने एका स्वतंत्र कंपनीकडून चाचणी करवून घेतली, तिचा आकडा निघाला २७५. पैसे पोर्शचे, म्हणून तोही सावधपणे घ्यावा. पण नंतर ‘कार अँड ड्रायव्हर’ने टायकान टर्बो एस आणि टेस्ला मॉडेल एस परफॉर्मन्स या दोन्ही ताशी ७५ मैलांनी पळवल्या. लेबलवर टेस्ला ३२६, पोर्श १९२. रस्त्यावर टेस्ला २२२, पोर्श २०९. म्हणजे १३४ मैलांची आघाडी १३ मैलांवर आली! जास्त मैलांसाठी म्हणून यातली एक गाडी निवडणाऱ्याने नेमकं काय विकत घेतलं, हा प्रश्न उरतोच.

यामागचं गणित सोपं आहे. वेग दीडपट झाला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. शहरात ब्रेक लावताना मोटर थोडी वीज परत बॅटरीत भरते, महामार्गावर ती सोय फारशी मिळत नाही. त्यामुळे पेट्रोल गाडीच्या सवयीने ‘हायवेला ॲव्हरेज वाढतं’ असं धरून चालणारे आपण नेमके लाँग वीकेंडला फसतो. त्याच मासिकाच्या चाचण्यांवर आधारलेल्या २०२३च्या एका शोधनिबंधात इलेक्ट्रिक गाड्या महामार्गावर लेबलपेक्षा सरासरी १२.५ टक्के कमी गेल्या, आणि पेट्रोलच्या गाड्यांनी मात्र लेबलपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त मजल मारली.

भारतातल्या नातेवाइकांशी तुलना करताना तर अधिकच जपा. पुण्याच्या एआरएआयचं नाव घेऊन जे आकडे सांगितले जातात ते भारतीय चक्राचे असतात, आणि त्यात कमाल वेगच ताशी ९० किलोमीटर. टाटा मोटर्सने २०२४मध्ये कर्व्ह ईव्ही आणली तेव्हा ५८५ किलोमीटरच्या प्रमाणित आकड्याबरोबर ४००–४२५ असा प्रत्यक्ष वापराचा अंदाजही स्वतःहून दिला. हे मला आवडलं.

सगळ्यात प्रामाणिक चाचणी मात्र नॉर्वेतली. तिथला मोटारचालक संघ २०२०पासून हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात अनेक गाड्या एकाच दिवशी, एकाच मार्गावर, अक्षरशः बंद पडेपर्यंत चालवतो. जानेवारी २०२४मध्ये ६२९ किलोमीटरचा दावा असलेली टेस्ला मॉडेल ३ थांबली ४४१वर. शिकागो किंवा टोरांटोत गाडी बघत असाल तर शोरूमला जाण्याआधी तो तक्ता काढून बघा. तुमची जानेवारी आणि ऑस्लोची जानेवारी फार वेगळ्या नाहीत.