सुट्टी शाळेला, शिकण्याला नव्हे

नवी मुंबई, प्रतिनिधी

वार्षिक परीक्षा आटोपल्या, निकालपत्रके कपाटात गेली आणि मे महिना उजाडला की वाशीपासून खारघरपर्यंतच्या वसाहतींमध्ये उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात. चित्रकला, स्केटिंग, अबॅकस, संस्कारवर्ग, रोबोटिक्स. ज्यांना शुल्क परवडते त्या पालकांपुढे प्रश्न असतो तो केवळ निवडीचा. तुर्भे स्टोअरच्या किंवा दिघ्याच्या वस्तीतील पालकांचा प्रश्न निराळा असतो. आईवडील दोघेही कामावर जातात आणि शाळा बंद असल्याने सहा-सात वर्षांचे मूल दिवसभर मोठ्या भावंडाच्या भरवशावर राहते. दीड महिन्यानंतर ही दोन्ही मुले पुन्हा वर्गात बसतात तेव्हा ती सारख्याच जागी असतात का, हा या सुट्टीविषयीचा खरा प्रश्न आहे.

राज्य मंडळाच्या शाळांना साधारणपणे मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी आठवडाभर उशिरा उघडतात. २०२५ मध्ये राज्यातील शाळा १६ जूनला, तर विदर्भातील २३ जूनला सुरू झाल्या.

नळाची उपमा

सुट्टीत मुले शिकलेले विसरतात का, याचा अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेत झाला. तेथील सुट्टी आपल्याहून मोठी, अडीच महिन्यांच्या आसपास असते. हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशा ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. सुट्टीत सरासरी सुमारे एका महिन्याचे शिक्षण मागे पडते, वाचनापेक्षा आकडेमोड व शब्दलेखन अधिक विसरले जाते आणि वाचनातील घसरण प्रामुख्याने गरीब घरांतील मुलांमध्ये दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. बाल्टिमोर शहरातील मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या डोरिस एन्टविसल व कार्ल अलेक्झांडर यांनी यासाठी नळाची उपमा दिली. शाळा चालू असते तेव्हा सर्वांच्या घरी नळ वाहतो. सुट्टीत तो बंद झाला की ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांचे भागते. मोरबे धरणाच्या जोरावर पाण्याच्या बाबतीत निश्चिंत असणाऱ्या नवी मुंबईकरांना ही उपमा सहज कळावी.

तथापि ही बाजू अंतिम मानण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये पॉल फॉन हिप्पेल व कॅटलिन हॅमरॉक यांनी जुन्या आकडेवारीची फेरतपासणी केली. सुट्टीत रुंदावलेली दिसणारी दरी बऱ्याच अंशी चाचण्यांच्या मोजणीपद्धतीतून उद्भवली होती आणि मुलांमधील अंतराचा मोठा भाग पहिलीत पाऊल ठेवण्यापूर्वीच तयार झालेला असतो, असे त्यांना आढळले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर चौथी-पाचवीतील मुलाच्या सुट्टीची अतोनात चिंता करणाऱ्या पालकांना थोडा दिलासा मिळतो. खरी निकड आहे ती पाच-सहा वर्षांच्या, नुकत्याच शाळेत जाऊ घातलेल्या मुलांची.

मातांचे गट

नेमका हाच वयोगट डोळ्यांपुढे ठेवून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘प्रथम’ संस्थेच्या सहकार्याने २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू केले. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत दोन मेळावे घेण्याची ही योजना आहे. पहिला मेळावा सुट्टीपूर्वी एप्रिलमध्ये, दुसरा शाळा उघडताना जूनमध्ये. मेळाव्यात निरनिराळी टेबले मांडलेली असतात. एकावर मूल उड्या मारते, दुसऱ्यावर वस्तूंचे वर्गीकरण करते, तिसऱ्यावर चित्र पाहून बोलते, चौथ्यावर खडे मोजते. काय जमले आणि कशाला मदत लागली, याची नोंद विकासपत्रावर होते.

या योजनेचा गाभा मात्र दोन मेळाव्यांमधील आठवड्यांत आहे. वस्तीतील मातांचे छोटे गट केले जातात. दर आठवड्याला घरात करण्याजोग्या कृती त्यांना सुचविल्या जातात आणि त्या आपापल्या मुलांकडून त्या करून घेतात. साहित्य म्हणजे भांडी, डाळी, पाने, दगड. आईला लिहितावाचता येत नसले तरी अडत नाही, हे या योजनेचे मोठेच बळ होय. हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले ते परिसरातील पाने, बिया, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य मानून. पुढे कोसबाडला ताराबाई व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. महागडे शैक्षणिक खेळ विकत घेण्यापूर्वी शहरी पालकांनी ही परंपरा जरूर आठवावी.

घरातले गणित

मे महिन्यात तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्यांचे ढीग लागलेले असतात. घरी पेटी आली की ती मुलाच्या हाती सोपवावी. पेटीत डझन किती, पिकलेले किती, कच्चे किती, रोज चार खाल्ले तर किती दिवस पुरतील, हे त्याने स्वतः मांडून पाहावे. कुरडया-पापडांच्या दिवसांत लाट्या सारख्या करणे, वाटीने पीठ मोजणे आणि वाळवणाची राखण करताना रांगा मोजणे हे सारे गणितच आहे.

मराठी संख्यांबाबत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. ‘एकोणतीस’ ऐकून मूल ३९ लिहिते, तो त्याचा निष्काळजीपणा नसतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद बाजूला ठेवला तरी अडचण खरी होती. त्यावर घरच्या घरी उत्तम उपाय पत्त्यांचा. बदाम सात खेळताना संख्यांचा क्रम आपोआप पक्का होतो आणि सापशिडीत शंभरापर्यंतची बेरीज-वजाबाकी होते. चिंचोके टाकून खेळायचा चल्लस आठ आजीआजोबांना येत असेल तर तो शिकून घ्यावा.

वाचन: रोज वीस मिनिटे

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या कितीतरी मराठी घरांतील मुलांना अस्खलित मराठी बोलता येते, परंतु देवनागरीतील एक परिच्छेद वाचताना ती अडखळतात. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाले आहे. तरीही तेवढ्या तासिकांवर विसंबून राहू नये. सुट्टीत रोज वीस मिनिटे पुरेशी आहेत. पालकाने मोठ्याने वाचावे, मुलाने ओळीवर बोट फिरवावे, दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट त्याने सांगावी. काना-मात्रा येत असूनही जोडाक्षरांशी, विशेषतः रफाराशी, गाडी अडते. अशा वेळी शब्द पुनःपुन्हा घोकून घेण्याऐवजी पालकांनी तो वाचून दाखवावा व पुढे जावे.

पुस्तके विकत घेतलीच पाहिजेत असे नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तेथे वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा पातळीनुसार लावलेल्या आहेत. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याची मराठी पुस्तके आहेत. मोबाइल वापरायचाच तर या कामी वापरावा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक काळ पडदा दाखवू नये. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दोन तासांच्या आत आहे.

वाचनासाठी लोकलसारखी शाळा नाही. ठाण्याहून वाशीला येताना ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही नावे फलाटावर मोठ्या अक्षरांत सामोरी येतात. मुलाने ती गाडी थांबताच वाचायची, हा खेळ फुकटचा आहे.

खाडीकाठी

या शहराला लाभलेली खाडी ही आणखी एक मोठी पाठशाळा. नेरूळ-करावे परिसरातील पाणथळींवर मेमध्येही रोहित पक्षी दिसतात, ते पावसाच्या तोंडावर निघून जातात. ठाणे खाडीतील त्यांच्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात खारफुटीची ओळख होते. तेथील बोटफेरी भरतीच्या वेळेवर अवलंबून असल्याने आधी चौकशी करून जावे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे का सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण का येते, हे दिवाळे किंवा सारसोळे गावातील कोळी आजोबा तिथीवरून सांगू शकतात. मुलाने पंधरा दिवस रोज चंद्राचे चित्र काढले तर त्यालाही तो हिशेब उमगू लागतो.

उन्हाचे भान मात्र हवे. खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हातील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला होता. लहान मुलांचे बाहेरचे उपक्रम सकाळी दहाच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतरच ठेवावेत. दुपार पत्त्यांची आणि गोष्टींची.

शहरातील असंख्य कुटुंबे सुट्टीत साताऱ्याकडे किंवा कोकणात गावी जातात. त्यात मुलाचे नुकसान नाही, उलट आजीची भाषा, शेत आणि विहीर त्याला मिळते. मात्र परतायला जून उलटला तर शाळेतील दुसरा मेळावा हुकतो. तसे झाल्यास पालकांनी वर्गशिक्षकांकडे विकासपत्र मागून एप्रिलमधील नोंदी पाहाव्यात. पहिलीचा प्रवेशच राहिला असेल, तर उशीर झाला या कारणाने शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १५ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे.